आठवी ‘ब’ची मानस

बाकं भिंतीला लावली.
फरशीवर निळ्या खडूने नदी, पांढऱ्याने बांध,
बांधात वीतभर फट. ती आमची मानस,
आणि कंपासपेटीचं झाकण तिचं दार.
खरी मानस खिडकीतून दिसते,
चोडणच्या खाजनात, शाळेपासून हाकेवर.
तिचं दार तीन वर्षं कुजतंय, फाईलही.

चिंचोके वाटले. एक चिंचोका, एक पोतं कोरगुट भात.
जुन्या उत्तरपत्रिकांचे कपटे म्हणजे सुंगटं.
नियम मी रात्री जागून लिहिले होते :
ज्याचं शेत त्याचं मत.
भरतीला दार उघडं ठेवाल तर मासे वाढतील, भात मरेल.
दर फेरीला एकदा फासा. सहा पडला की उधाण.

मानशीची पावणी आल्विटोने मारली, पाच चिंचोक्यांना.
दुसऱ्या फेरीपासून झाकण किंचित तिरकं.
“रात्रीपुरतंच, टीचर. रात्री कोण बघतंय?”
त्याच्या खिशातून कपटे सांडू लागले
आणि कुशालीकडे उरला एक चिंचोका,
तोही किडका.
ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, मी नदी आहे,
पोलीस नाही. सभा बोलवा.

सभा म्हणजे काय सांगू.
साईशने ठराव आणला, दोन पानी, तिसरं शाईने खराब झालेलं.
बाबलो दर वाक्याला ‘हरकत’ म्हणत होता,
शब्द आवडला होता त्याला.
जोव्हिटाने आपलं एकुलतं मत
दोन्ही बाजूंना विकलं,
आणि दोघांनाही पावती दिली, सहीसकट.

मौलाली खिडकीशी.
त्याच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात :
शेत नाही. मिळेल ते काम.
फेरीफेरीला तोच गुडघ्यांवर बसून
पुसट झालेला बांध खडूने गिरवत होता,
मजुरी दोन चिंचोके.
त्याने हात वर केला.
“बांध फुटला, टीचर, तर माझ्या घरात
पाणी कितव्या नियमाने येणार?”

मी वही चाळली.
पुढून, मग मागून.
असा नियम मी लिहिला नव्हता.

तेव्हा नवा ठराव : शेत नसलेल्यांनाही मत.
पण त्यावर मत कोणाचं? शेतवाल्यांचंच.
हे बोलताना माझी जीभ जरा अडखळली.
हो म्हणणारे आठ. नाही म्हणणारे आठ.
सतरावी जोव्हिटा, दोन्ही पावत्या हातात धरून
पहिल्यांदाच गप्प.
तेवढ्यात आल्विटोने घाईने फासा टाकला,
घंटा झाली, फासा घरंगळत कपाटाखाली गेला.
किती पडला, कोणी पाहिलं नाही.
वर्ग रिकामा व्हायला अर्धं मिनिट लागलं.

सकाळी आले तर रुकमिण झाडून गेलेली.
कपटे, धूळ, चिंचोक्यांची सालं, सगळं साफ.
खडूचा बांध तेवढा जागच्या जागी,
त्याच्या दोन्ही अंगांनी झाडूचे फराटे.
“बांध कसो पुसतलें, टीचर?”
ती बादली पिळत म्हणाली. तिचं घर
खऱ्या बांधाच्या पलीकडे, पहिलंच.
फासा तिने माझ्या टेबलावर ठेवला होता.
“किती पडलेला गं?”
“तें म्हाका कित्याक विचारतात?
काल खंय विचारल्लें?”

मी हसले. ती हसली नाही.
कोरा कागद फाडून एक चिठ्ठी केली,
टोपीत टाकली.
तिच्यावर काय लिहायचं, अजून ठरत नाही.
मधल्या सुट्टीनंतर मत घेऊ.
रुकमिण दहाला घरी जाते,
म्हणजे मधल्या सुट्टीच्या आधी.